होम्सचा शब्द आणि वॉटसनची साक्ष

१

शेरलॉक होम्सच्या टिकाऊ आकर्षणाची मीमांसा करणाऱ्या समीक्षेत दोन पंथ दिसतात आणि ते एकमेकांना प्रतिपक्ष मानतात. पहिला पंथ भक्तांचा. १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’पासून १९२७ च्या ‘शॉस्कम ओल्ड प्लेस’पर्यंतच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा यांना तो प्रमाणग्रंथांचा मान देतो आणि होम्सला निरीक्षण व तर्क यांची मूर्ती समजतो. दुसरा पंथ विचारप्रणालीच्या अंगाने वाचणाऱ्या समीक्षकांचा. स्टीफन नाइट, कॅथरिन बेल्सी, फ्रँको मोरेत्ती आदींच्या १९८० च्या आसपासच्या लेखनाने त्याला सैद्धांतिक बळ दिले. त्यातून रूढ झालेले प्रतिपादन थोडक्यात असे : महानगरातील गर्दी, अनोळखीपणा आणि मालमत्तेविषयीची धास्ती यांनी अस्वस्थ झालेल्या मध्यमवर्गाला होम्सने सुव्यवस्थेची ग्वाही दिली. दोष समाजरचनेत नसून एका व्यक्तीत आहे. ती व्यक्ती हुडकून काढली की समाज पुन्हा निर्दोष.

एक पंथ ज्याची पूजा करतो त्याचाच दुसरा बुरखा फाडतो. परंतु पूजेसाठी असो वा भंजनासाठी, मूर्ती एकच आहे. होम्स म्हणजे विवेक, होम्सकथा म्हणजे विवेकाचा विजय, हे गृहीतक दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो या विजयाच्या मूल्याविषयी. हे गृहीतक आले कोठून याचा शोध घेतला, तर ते मुख्यतः होम्सच्या स्वतःविषयीच्या बोलण्यातून उचललेले आढळते. आपले शास्त्र थंड आणि भावनारहित असल्याचे तो ‘द साइन ऑफ फोर’मध्ये (१८९०) सांगतो, गुन्ह्यापेक्षा तर्काकडे लक्ष दे, असे तो ‘द कॉपर बीचेस’मध्ये (१८९२) वॉटसनला बजावतो. कोणत्याही माणसाने स्वतःबद्दल दिलेली जबानी होम्स पडताळून पाहिल्याशिवाय स्वीकारत नाही. होम्सची जबानी मात्र समीक्षेने न पडताळता स्वीकारली आहे.

२

प्रथम तर्काचा प्रश्न. ‘द ब्लू कार्बंकल’मध्ये (१८९२) होम्स एका जुन्या टोपीवरून तिचा मालक बुद्धिमान असल्याचे सांगतो. टोपी मोठी, म्हणून डोके मोठे. डोके मोठे, म्हणून बुद्धी मोठी. कवटीच्या मापावरून माणसाची पारख करणाऱ्या तत्कालीन समजुतीचा हा अवशेष आहे, प्रमाणशुद्ध अनुमान नव्हे. त्याच वर्षीच्या ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये भारतातील सर्वांत जहाल म्हणून ज्या दलदलीतल्या सापाचे नाव होम्स घेतो, तसा साप भारतात नाही. तो बशीतले दूध पितो, शिट्टी ऐकून परततो, घंटेच्या दोरावरून चढउतार करतो. नागपंचमीला दुधाची वाटी मांडणाऱ्या घरातल्या शाळकरी मुलालाही आज ठाऊक असते की साप दुधावर जगत नाही. तरीही ही कथा सर्वाधिक प्रिय होम्सकथांपैकी एक राहिली. १९२७ मध्ये खुद्द डॉईलने आवडत्या बारा कथांची यादी केली तेव्हा पहिले स्थान तिलाच दिले. तर्क हेच आकर्षणाचे मूळ असते, तर जिचा तर्क सर्वांत ठिसूळ ती कथा सर्वांत आधी विसरली जायला हवी होती.

उंबेर्तो एको आणि टॉमस सेबिऑक यांनी संपादित केलेल्या ‘द साइन ऑफ थ्री’ (१९८३) या ग्रंथाने होम्सच्या तथाकथित निगमनाचे खरे रूप स्पष्ट केले. चिन्हावरून संभाव्य कारणाकडे झेप घेणारी, चार्ल्स पर्सने वर्णिलेली तर्कपद्धती ती हीच. त्यापूर्वी कार्लो गिंझबर्गने १९७९ मध्ये चित्रपारखी मोरेल्ली, फ्रॉइड आणि होम्स यांना क्षुल्लक खुणांवरून सत्य गाठणाऱ्या एकाच ज्ञानपद्धतीत गुंफले. दोन्ही विवेचने मोलाची आहेत. होम्स विचार कसा करतो हे त्यांनी उलगडले. वाचक होम्सकडे पुन्हा पुन्हा का वळतो, या प्रश्नाला मात्र त्यांतून उत्तर मिळत नाही. उत्तर कळलेल्या कोड्यात दुसऱ्या वाचनाला तर्कापुरते काही उरत नाही. आणि होम्सकथा तर पुनर्वाचनावरच जगल्या आहेत.

मोरेत्तीने हाच प्रश्न २००० मधील ‘द स्लॉटरहाउस ऑफ लिटरेचर’ या निबंधात बाजाराच्या अंगाने मांडला. समकालीन स्पर्धकांचा विसर पडला आणि डॉईल टिकला, याचे कारण त्याने गुन्ह्याच्या दुव्यांच्या रचनातंत्रात शोधले. वाचकाला दिसणारा आणि उलगडता येणारा दुवा हे त्या तंत्राचे परिपूर्ण रूप. परंतु असा दुवा डॉईलच्या कथांतही सातत्याने आढळत नाही, हे मोरेत्तीलाच नोंदवावे लागले. ज्या गुणामुळे लेखक टिकला असे म्हणायचे तो गुणच त्याच्या कथांत अनियमित असेल, तर टिकण्याचे कारण निदान अंशतः तरी अन्यत्र शोधणे भाग आहे.

३

सुव्यवस्थेचे प्रतिपादनही संहितेसमोर पुरते उभे राहत नाही. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ (१८९१) ही ‘स्ट्रँड’ मासिकातली पहिलीच होम्सकथा, आणि तिच्यात होम्स हरतो. आयरीन अ‍ॅडलर छायाचित्र घेऊन निघून जाते. ‘द फाइव्ह ऑरेंज पिप्स’मध्ये (१८९१) मदत मागायला आलेला तरुण त्याच रात्री मारला जातो आणि मारेकरी न्यायालयापर्यंत पोहोचत नाहीत. ‘द ब्लू कार्बंकल’मधला चोर होम्स स्वतःच सोडून देतो. ‘चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन’मध्ये (१९०४) होम्स आणि वॉटसन घरफोडी करतात, डोळ्यांदेखत खून होताना पाहतात आणि पोलिसांपासून तो लपवतात. त्याच वर्षीच्या ‘द अ‍ॅबी ग्रेंज’मध्ये वॉटसनला पंच नेमून होम्स खोलीतल्या खोलीत खटला चालवतो आणि आरोपीला मुक्त करतो. ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’ किंवा ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ यांसारख्या कथांत शिक्षा करावी असा गुन्हाच सिद्ध होत नाही.

यावर असे म्हटले जाईल की कायदा ओलांडणारा होम्स त्या वर्गाच्या नीतीचेच अधिक सूक्ष्म रक्षण करतो. म्हणता येईल. मात्र मग कथेत काहीही घडले तरी सिद्धान्त अबाधित राहतो : गुन्हेगार पकडला तर सुव्यवस्था, सोडला तर अधिक खोल सुव्यवस्था. जो सिद्धान्त कोणत्याही संहितेने खोटा ठरू शकत नाही, तो त्या संहितेविषयी फारसे काही सांगतही नाही.

बेल्सीचे वाचन याहून सावध आहे. ‘क्रिटिकल प्रॅक्टिस’मध्ये (१९८०) तिने दाखवले की सर्व काही उजेडात आणू पाहणाऱ्या या कथांत स्त्रिया मात्र अंधुक, अबोल राहतात आणि संहितेच्या वैज्ञानिक प्रकल्पाची मर्यादा तेथे उघडी पडते. निरीक्षण अचूक आहे. परंतु हा प्रकल्प कथेचा आहे की होम्सचा, हा भेद तेथे पुसट होतो. मौनाच्या जागा होम्सचा पराभव असतील. त्या जागा जपणारा निवेदक दुसराच आहे.

४

हा निवेदक वॉटसन. रूढ समीक्षेत त्याची वासलात दोन शब्दांत लागते : मंदबुद्धी सोबती, किंवा रहस्य लांबवण्याची सोय. १९३९ ते १९४६ दरम्यान बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी केलेल्या चौदा चित्रपटांनी विदूषकी वॉटसनची प्रतिमा पक्की केली. समीक्षेने ती फारशी दुरुस्त केली नाही. वॉटसनचे खरे कार्य पाहायचे तर तो नसताना काय होते ते पाहिले पाहिजे, आणि त्याची सोय डॉईलनेच करून ठेवली आहे. छप्पन्न कथांपैकी बावन्नांचा निवेदक वॉटसन आहे. उरलेल्या चारांपैकी ‘हिज लास्ट बो’ (१९१७) आणि ‘द मॅझरिन स्टोन’ (१९२१) तृतीयपुरुषी आहेत. ‘द ब्लँच्ड सोल्जर’ आणि ‘द लायन्स मेन’ (दोन्ही १९२६) होम्सने स्वतः सांगितलेल्या आहेत. चारही कथांत तर्क करणारा तोच आहे. फक्त साक्षीदार बदलला, आणि बेकर स्ट्रीट ओकी वाटू लागली. ‘द मॅझरिन स्टोन’मधला होम्स आपण म्हणजे केवळ मेंदू, बाकी देह जोडपत्र, असे जाहीर करतो. समीक्षेच्या व्याख्येशी सर्वांत तंतोतंत जुळणारा होम्स तो हाच, आणि सर्वांत निर्जीवही तोच. वॉटसनने शास्त्राची प्रवचने बिघडवून गोष्टी केल्या अशी वर्षानुवर्षे तक्रार करणारा होम्स ‘द ब्लँच्ड सोल्जर’च्या आरंभी लेखणी हाती घेतो, तेव्हा वाचकाला रस वाटेल असेच लिहावे लागते, हे त्याला कबूल करावे लागते.

या कथा उतारवयातल्या, लेखक थकलेला, म्हणून त्या फिक्या, असा आक्षेप संभवतो. ‘द मॅझरिन स्टोन’ तर डॉईलच्याच नाटकावरून बेतलेली आहे. पण त्याच काळातली ‘द थ्री गॅरिडेब्ज’ (१९२४) पाहावी. एका माणसाला खोट्या निमित्ताने घराबाहेर काढण्याची तिची युक्ती १८९१ च्या ‘द रेड-हेडेड लीग’मधलीच पुन्हा वापरलेली आहे. तर्काच्या दृष्टीने ती शिळी. तरीही वाचक ती विसरत नाहीत, ते एका क्षणामुळे : वॉटसनला गोळी लागते आणि होम्सचा चेहरा बदलतो. जखमेपेक्षा वॉटसनला तो चेहरा महत्त्वाचा वाटतो आणि तो तसे लिहून ठेवतो. कोडे जुने, साक्ष नवी. टिकली ती साक्ष.

वॉटसनची साक्ष आंधळी नाही. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’च्या आरंभी होम्सला निर्दोष विचारयंत्र ठरवणारा तोच, आणि पुढच्या पानांत ते यंत्र कसे फसले हे सांगणाराही तोच. होम्सची कोकेनची सुई, त्याचा अहंकार, त्याची उदासी त्याने नोंदवली आहे. ‘द एम्प्टी हाउस’मध्ये (१९०३) तीन वर्षे मेलेला समजलेला मित्र अचानक समोर उभा राहतो, ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’मध्ये (१९१३) मरणाचे सोंग वॉटसनलाही सांगितले जात नाही. ही फसवणूकही त्याने लपवलेली नाही. ‘द यलो फेस’मध्ये (१८९३) तर होम्सचे अनुमान साफ चुकते. ब्लॅकमेलची शंका जेथे होती तेथे पत्नीच्या पहिल्या विवाहातली काळी मुलगी निघते, आणि तिला उचलून घेणारा पती होम्सच्या सर्व तर्काहून मोठा ठरतो. आपण पुन्हा फाजील आत्मविश्वास दाखवला तर नॉर्बरी या गावाची आठवण दे, असे होम्स वॉटसनला सांगतो. सर्वज्ञ माणसाचा सहवास वाचकाला एरवी असह्य व्हावा. येथे तो हवासा वाटतो, कारण त्याच्यावर जीव असलेला पण त्याच्या चुका मोजणारा माणूस मध्ये उभा आहे. होम्सकथांचे आकर्षण ज्ञानापेक्षा ज्ञान आणि विश्वास यांच्या या नात्यात आहे.

५

या प्रतिपादनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वसाहतवादाच्या बाजूने येतो. वॉटसनचा विश्वासू आवाज हाच साम्राज्याला घरगुती करणारा आवाज नव्हे काय? आक्षेप टाळता येत नाही. ‘द साइन ऑफ फोर’मधील अंदमानी टोंगाचे चित्रण अमानुष आहे आणि ते वॉटसनच्याच लेखणीतून उतरले आहे, ‘द थ्री गेबल्स’मधील (१९२६) काळ्या माणसाची हेटाळणीही तशीच. परंतु या ठिकाणी होम्स कोणत्या आधारावर बोलतो हेही पाहिले पाहिजे. टोंगाविषयीची माहिती त्याला निरीक्षणातून मिळत नाही. तो फडताळातला गॅझेटियर काढून वाचून दाखवतो. खुणांवरून माणूस ओळखणारा होम्स वसाहतीतल्या माणसापाशी येताच छापील पूर्वग्रहावर विसंबतो. विवेकाचा विजय म्हणून या कथा वाचणाऱ्यांना ही फट दिसत नाही. भक्तांना नाही आणि भंजकांनाही नाही.

शिवाय साक्षीदारही साम्राज्याच्या हिशेबातून सुटलेला नाही. वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून मुंबईला उतरला, तोवर त्याची पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात गेली होती. १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी होऊन, पेशावरला तापाने खंगून, तो लंडनला परतला. या मोडलेल्या, एकाकी माणसाला भाडे परवडत नाही, म्हणून तो होम्सच्या बिऱ्हाडात येतो. वसाहतीतून आलेल्या खलनायकांची यादी करणारी समीक्षा साम्राज्याने मोडलेला निवेदक यादीबाहेर ठेवते, कारण तिचे लक्ष कथानकावर आहे, निवेदनावर नाही. वॉटसनच्या आवाजात दर्पही आहे आणि जखमही. दोहोंतील एकच ऐकणे म्हणजे अर्धी साक्ष नोंदवणे.

६

रूपांतरांचा इतिहास याच दिशेने बोट दाखवतो. ‘शेरलॉक’ (२०१० ते २०१७) या मालिकेने शतक बदलले, ‘एलिमेंटरी’ने (२०१२ ते २०१९) शहर बदलले आणि वॉटसनला स्त्री केले, पण वॉटसनला वगळण्याचे धाडस दोहोंनी केले नाही. भारतीय भाषांनीही हीच गोष्ट उचलली. १९३२ पासूनच्या ब्योमकेशला अजित लागला, १९६५ मधल्या फेलुदाला तोपशे. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाशेजारी छोटू आला. होम्स मराठी वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या भालबा केळकरांसारख्या अनुवादकांना आणि या लेखकांना जे उमगले, ते समीक्षेला उमगू नये हे विचार करण्यासारखे आहे.

मराठी समीक्षेने रहस्यकथेला प्रदीर्घ काळ एकदा वाचून टाकून द्यायचे रंजन म्हणून दाराबाहेर ठेवले. आता सिद्धान्ताच्या आधाराने तिला विचारप्रणालीचे साधन म्हणून आत घेतले जात आहे. आसन बदलले, वाचकाविषयीचे मत बदलले नाही. पूर्वी तो करमणुकीला भुलणारा होता, आता विचारप्रणालीला भुलणारा आहे. दोन्ही वेळा शहाणा एकटा समीक्षकच. खुणा टिपून संहितेचा गुन्हा सिद्ध करणाऱ्या या समीक्षकाने होम्सची भूमिका घेतली आहे, हे उघड आहे. त्याच्या शेजारी वॉटसन मात्र नाही. म्हणजे त्याची चूक नोंदवणारा, नॉर्बरीची आठवण देणारा वाचक त्याने आधीच भाबडा ठरवून खोलीबाहेर घालवला आहे. पदव्युत्तर वर्गांत होम्स शिकवला जाणार असेल, तर सुरुवात या वाचकाला परत बोलावण्यापासून व्हावी. सिद्धान्त संहितेला जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न संहितेने सिद्धान्ताला विचारण्याची मुभा असली पाहिजे.