भूमिकेचे भांडवल

‘सर, शिरूरला मते डॉक्टर कोल्ह्यांना पडली की संभाजीराजांना?’ भांडवल आणि पत यांतील फरक मी वर्गात समजावीत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून हा प्रश्न आला आणि सारा वर्ग हसला. मीही हसून पुढचा मुद्दा घेतला. परंतु संध्याकाळी जुळे सोलापूरला घरी परतेपर्यंत त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. तो दिसतो तितका पोरकट नाही.

नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे हे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेने त्यांना घरोघरी पोहोचविले. २०१४ मध्ये ते शिवसेनेत गेले. पुढे ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालू असतानाच, मार्च २०१९ मध्ये, त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि तीन महिन्यांच्या आत शिवाजीराव आढळराव पाटील यांच्यासारख्या तीन वेळा निवडून आलेल्या खासदाराला सुमारे ५८ हजार मतांनी हरविले. पक्षप्रवेशापासून विजयापर्यंतचा हा काळ एका द्राक्षहंगामाहूनही थोडका होता!

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही कमाई नव्हे, ही पत होती. आणि तीही उसनी. प्रेक्षकांच्या मनात संभाजीराजांविषयी पिढ्यानपिढ्या साठलेली जी श्रद्धा, तिच्यावर नटाने उचल घेतली. उसन्याला व्याज असते. ते जानेवारी २०२२ मध्ये भरावे लागले. ज्या चित्रपटात कोल्ह्यांनी नथुराम गोडसेची भूमिका केली होती, तो त्या महिन्यात प्रदर्शित व्हावयाचा होता. भूमिका २०१७ मधली, राष्ट्रवादीत येण्यापूर्वीची आहे आणि नटाची मते त्याच्या भूमिकेवरून ठरवू नयेत, असा त्यांचा खुलासा होता. तर्काला तो बिनचूक आहे. परंतु एका भूमिकेचा लाभ मतपेटीतून घेतल्यावर दुसरीशी माझा संबंध नाही, असे म्हणण्याची सोय उरत नाही. शेवटी त्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेश केला. शुद्ध नटाला असल्या प्रायश्चित्ताची गरज पडली नसती. निळू फुल्यांनी ‘सामना’तला साखरसम्राट रंगविला म्हणून त्यांच्याकडे कोणी खुलासा मागितला नाही.

निळूभाऊंचे नाव येथे उगाच घेतले नाही. ते राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतले. हयातभर समाजवादी चळवळीचे. सत्तेच्या खुर्चीत महाराष्ट्राने त्यांना पाहिले ते पडद्यावर. आणि जी खुर्ची त्यांनी रंगविली, तीच आपल्याकडची खरी सत्ता होय. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले, आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत ते मुख्यमंत्रीही झाले. मराठी नटाला ते जमले नाही, याचे कारण आमच्या मतदाराचे शहाणपण, असे मानणे सुखाचे असले तरी खरे नाही. आमच्याकडे सत्तेची वाट साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ यांवरून जाते. सोलापूर जिल्ह्याला हे सांगायला नको. नटाला लोकसभेचे तिकीट मिळते, ते दिल्लीच्या जागेबरोबर कारखान्याच्या किल्ल्या द्याव्या लागत नाहीत म्हणून. बंगालमध्येही शताब्दी रॉय, देव यांना पक्षाने लोकसभेतच पाठविले. राज्याचा कारभार दुसऱ्यांच्या हाती राहिला. यात सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचे काय होते, हे कोणी विचारीत नाही.

ही उसनी पतही हमखास नसते. गोविंदाने २००४ मध्ये उत्तर मुंबईत राम नाईकांना पाडले. २००९ ला तो उभाच राहिला नाही. त्याच मतदारसंघात २०१९ मध्ये ऊर्मिला मातोंडकर पराभूत झाल्या.

कोल्हे मात्र टिकले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार यांच्या शपथविधीला ते हजर होते आणि दुसऱ्याच दिवशी शरद पवारांकडे परतले. हा प्रवेश काही त्यांच्या उत्तम प्रवेशांपैकी नव्हे. परंतु त्याच डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, भाव कोसळले, तेव्हा शिवनेरीहून पुण्यापर्यंत निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात ते पुढे होते. भाव पडलेल्या कांद्याची गाडी बाजार समितीत उभी करणे म्हणजे काय, हे सोलापूरकर जाणतो. २०२४ मध्ये त्याच आढळरावांविरुद्ध त्यांचे मताधिक्य १ लाख ४० हजारांवर गेले. त्यात पक्षफुटीची सहानुभूती किती आणि कांदा किती, हे गणित मांडता येत नाही. पण या खेपेस तारण निराळे होते.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: २०१९ मध्ये बव्हंशी राजांना, २०२४ मध्ये बऱ्याच अंशी कोल्ह्यांना. मला ठाऊक आहे, तो एवढ्यावर थांबणार नाही. २०१९ मध्ये सोलापूरने सुशीलकुमार शिंदे यांना बाजूला सारून गौडगावच्या मठाचे डॉ. जयसिद्धेश्वर महास्वामी यांना दिल्लीला पाठविले, २०२४ ला त्यांच्याच पक्षाने त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही. तर ती मते कोणाला होती, असे तो विचारील. त्या दिवशी जुळे सोलापुरातल्या रांगेत मीही उभा होतो. पुढेमागे सगळे पाण्याच्या पाळीविषयी बोलत होते; उमेदवार त्याविषयी काय करणार, हे मात्र रांगेत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही विचारले नव्हते.