रक्तदान चालते, मग एचआयव्हीवर मौन का?

दरवर्षी 1 डिसेंबरला आपल्या शहरात लाल फिती लावून रॅली निघते. घोषणा होतात, फोटो निघतात, दुपारपर्यंत सगळे आपापल्या घरी. पाच दिवसांनी 6 डिसेंबर येतो. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून आपण वस्तीवस्तीत रक्तदान शिबिरे घेतो. त्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्हीसाठी तपासणी होते, हे आपल्याला माहीत असते. पण मंचावरून तो शब्द कोणी उच्चारत नाही. रक्त तपासलेले चालते, त्याबद्दल बोललेले चालत नाही!

दोन वर्षांपूर्वी एका वस्तीत एचआयव्ही आणि कंडोमच्या वापरावर सत्र घ्यायचे आम्ही ठरवले. विहाराची जागा मागितली तर ज्येष्ठ म्हणाले, "पोरांनो, इथे हे नको. आयाबाया येतात." आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो. सर्वाधिक प्रश्न आयाबायांनीच विचारले. एक ताई म्हणाली, "नवरा सहा महिन्यांनी ऊसतोडीवरून घरी येतो. आधी तपासणी करून ये, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

या प्रश्नाचे उत्तर पोस्टरवर सापडत नाही.

सरकारी कागदावर 'जोखमीचे गट' अशी यादी असते: देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध असणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर. ही यादी वाचून आपल्याला वाटते, ती माणसे कोणी तरी वेगळी आहेत. मग वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका खोलीत सहा-सहा जण राहणारी पोरे कोण आहेत? दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडणारी जोडपी कोण आहेत? मजूर नाक्यावर सकाळी उभी राहणारी बाई कोण आहे? जोखीम माणसाच्या चारित्र्यात नसते. ती जमीन नसण्यात, घर सोडावे लागण्यात, 'नाही' म्हणण्याची ताकद हातात नसण्यात असते. ही ताकद कोणाकडे नसते, हे जात आणि लिंग ठरवते. आंबेडकरी चळवळीला हे वेगळे शिकवायला हवे का?

आपले काही मित्र तिसऱ्या शीलाचा दाखला देतात. काही जण 16 जून 1936 चे परळच्या दामोदर हॉलमधले भाषण पुढे करतात. त्या सभेत बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना, मुरळ्या-जोगतिणींना तो व्यवसाय सोडायला सांगितले होते. खरे आहे. पण ते त्यांच्यासमोर उभे राहून, त्यांना आपल्या चळवळीत बोलावून सांगितले होते. आपण तर त्या वस्तीची पायरीही चढत नाही. आणि शील हे स्वतःला आवरण्यासाठी असते, दुसऱ्याला हिणवण्यासाठी नाही.

बाबासाहेबांचे नाव घेतोच आहोत, तर पुढचेही वाचू. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे छापली म्हणून र. धों. कर्वेंवर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर! खटला हरले, पण विषय सोडला नाही. नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांचा ठराव त्यांच्याच पक्षाकडून आला. तोही फेटाळला गेला. 2007 मध्ये 'संस्कृती'च्या नावाने महाराष्ट्रातल्या शाळांमधले लैंगिक शिक्षण थांबवले गेले. कर्वेंना अश्लील म्हणणारे आणि शाळेचे दार बंद करणारे एकाच परंपरेतले. मग "विहारात हे नको" म्हणताना आपण कोणाच्या रांगेत उभे असतो?

सांगलीकडे बघा. 1992 पासून 'संग्राम' संस्थेने तिथल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांनाच कंडोम वाटण्याचे आणि शिकवण्याचे काम दिले. त्यातूनच पुढे 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. ज्यांना 'रोगाचे कारण' म्हटले जात होते, त्याच बायका प्रतिबंधाच्या कार्यकर्त्या झाल्या. संघटित होणे म्हणजे काय, हे त्यांनी करून दाखवले.

आज हत्यारे आपल्या हातात आहेत. 2004 पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. घाटी रुग्णालयात तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही एक गोष्ट वस्तीत नीट पोहोचली तर अर्धी भीती मरते. 10 सप्टेंबर 2018 पासून एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, नोकरी-उपचारात भेदभाव करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी असलाच पाहिजे. कंडोम वाटण्यासारखे प्रतिबंधाचे काम गुन्हा ठरत नाही.

तरीही एका खासगी दवाखान्यात आमच्या ओळखीच्या मजुराचे ऑपरेशन रिपोर्ट बघून "पुढे ढकलले" गेले. तो भांडला नाही, कारण भांडलो तर वस्तीत कळेल, ही भीती. दवाखान्याने त्याला नाकारले, पण तोंड बंद केले ते आपल्या वस्तीने. या दुसऱ्या दोषाचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. येत्या 14 एप्रिलला रक्तदानाच्या टेबलाशेजारी समुपदेशनाचे टेबल लावा. तपासणी ऐच्छिक आणि गुप्त ठेवा. 1097 ही मोफत हेल्पलाइन विहाराच्या फळ्यावर लिहा. एमआयडीसीतल्या युनियनच्या मित्रांनो, तुमच्या कंपनीत तक्रार अधिकारी कोण, हे लेखी विचारा. ऊसतोडीला निघण्यापूर्वी आणि परतल्यावर नवरा-बायको दोघांची तपासणी हा गावाचा रिवाज करा, म्हणजे त्या ताईला एकटीने तोंड उघडावे लागणार नाही. आणि एचआयव्हीसह जगणारा माणूस कार्यकारिणीत बसेल, भाषण करेल, खीरदानाच्या पंगतीत वाढेल, हे आधी आपल्या मंडळात ठरवा.

ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांची लेकरे आज कोणाच्या हातचे पाणी नाकारत असतील, तर चवदार तळ्यावर आपण काय शिकलो?

जय भीम!