छत्तीस तुकड्यांची शाळा

सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण होते याचे आता कोणास नवल वाटत नाही. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगापुढे मांडला तेव्हा त्याची कार्यक्षमता सहा टक्क्यांच्या आसपास होती. आज बाजारातील चांगली पॅनेले वीस टक्क्यांच्या वर गेली आहेत आणि खेड्यापाड्यांतील छपरांवरही ती दिसू लागली आहेत. अशा काळात सुटे घट विकत आणून, त्यांना एकेक करून डाख देऊन, घरच्या घरी पॅनेल बांधण्याचा खटाटोप काही तरुण करतात, तेव्हा व्यवहारी माणसे हसतात. त्यांचे हसणे अगदीच अनाठायी नाही. पण ते अर्धवट आहे.

पैशाच्या हिशेबाने पाहिले तर या उद्योगाचा नफ्याशी छत्तीसचा आकडा आहे. घटाची जाडी पाव मिलिमीटरहूनही कमी. बोटाचा दाब जरा जास्त पडला की तो पापडासारखा मोडतो. मोडलेल्या घटांची किंमत, काच, चौकट, तारा यांची बेरीज केली की कारखान्यातील तयार पॅनेल स्वस्त ठरते. कारखान्यात घट पारदर्शक थरांमध्ये घालून, उष्णता देऊन, निर्वातात काचेशी एकजीव केले जातात. म्हणून पंचवीस वर्षांची हमी देता येते. घरच्या चौकटीत दमट हवा शिरते, तांब्याच्या पट्ट्या गंजतात, आणि कोकणातील दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ झाले असे म्हणावे लागते. छपरावरील सौरयंत्रणेसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये जी योजना आणली, तीत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. घरी बांधलेल्या पॅनेलला त्यातील दमडीही मिळावयाची नाही. ते योग्यच आहे. छपरावर अनेक पॅनेले एका माळेत जोडली की काही शे व्होल्टचा दाब तयार होतो, आणि तेथे हौशी माणसाची एक ढिली जोडणी आग लावू शकते. घराची वीज घरच्या पॅनेलवर चालवावी, असा सल्ला कोणी कोणास देऊ नये.

मग या खटाटोपाचा उपयोग काय? बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी असे पॅनेल बांधावयाचे तर छत्तीस घट लागतात. प्रत्येक घट सुमारे अर्धा व्होल्ट देतो. हे वाक्य पुस्तकात वाचून विद्यार्थी विसरतो. परंतु हातातून निसटून दुभंगलेल्या घटाचा एक तुकडा मल्टिमीटरला लावून पाहिला, आणि व्होल्ट तेवढेच राहून प्रवाह मात्र निम्मा झाला, की दाब आणि प्रवाह यांतील भेद त्याला जन्मभर पुरतो. एका घटाची पुढची बाजू दुसऱ्याच्या पाठीला जोडावयाची. एक जरी उलटा जोडला गेला तर मापकाचा आकडा लगेच चुगली करतो. माळेतील एकाच घटावर पिंपळाचे पान पडले तर साऱ्या माळेचा प्रवाह आखडतो आणि तो झाकलेला घट तापू लागतो. कारखान्यातील पॅनेलच्या पाठीमागच्या डबीत डायोड का बसवतात, हे तेव्हा सांगावे लागत नाही. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, म्हणून तेथे पॅनेल दक्षिणेकडे साधारण तेवढेच कलते ठेवतात. भूगोलाच्या तासाला घोकलेला आकडा असा अचानक कामाला येतो. विदर्भातील मुलाला तर याहून मोठा धक्का बसेल. मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी पॅनेल सर्वांत जोमाने चालेल अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात घट तापला की दर अंशामागे त्याची शक्ती सुमारे ०.४ टक्क्याने उतरते, आणि तेवढ्याच प्रखर उन्हात, पण जानेवारीच्या गार हवेत, तेच पॅनेल अधिक वीज देते. ऊन आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर लिहून कितीजणांना पटले असेल?

हा केवळ शाळकरी कुतूहलाचा प्रश्न असता तर अग्रलेखाच्या पानाने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. महाराष्ट्रात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना राबविली जात आहे. शेतकऱ्याने दहा टक्के रक्कम भरावयाची, उरलेले सरकारने द्यावयाचे, आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी. योजना चांगली आहे. परंतु सहाव्या वर्षी काय? विहिरीवरचा पंप ऐन हंगामात थांबला, तर दोष पॅनेलचा, जोडणीचा की नियंत्रकाचा, हे मल्टिमीटर लावून सांगणारा एकही माणूस गावात नसेल, तर लाखो रुपयांची काच उन्हात नुसती चमकत राहील. रात्री न पेटणारे सौर पथदिवे ज्यांनी आपल्या गावात पाहिले आहेत, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही. बहुधा त्यात बिघडलेली असते ती बॅटरी. टाकून दिला जातो तो सारा खांब.

राजस्थानातील तिलोनियाचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या तेथील संस्थेत खेड्यातील स्त्रियांना सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकवितात. त्यांतील अनेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते. भारताबाहेरून, विशेषतः आफ्रिकेतून, आलेल्यांना एकमेकींची भाषाही येत नाही. रंगांच्या खुणा आणि हातवारे यांवर शिक्षण चालते. अक्षरओळख नसलेली आजी जे काम सहा महिन्यांत शिकते, ते आपल्याकडील विज्ञानाचा पदवीधर हातात घ्यावयास कचरतो. त्याचे हात कधी भाजलेलेच नसतात.

शाळांमध्ये साहित्य येत नाही असेही नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी वीस लाखांपर्यंतचे अनुदान मिळू लागले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार प्रयोगशाळा जाहीर झाल्या. मात्र साहित्य मोडेल, साठा-नोंदवहीत तूट दिसेल, तपासणीला उत्तर द्यावे लागेल, या भयाने कपाटाचे कुलूप न काढणे हा आपल्या शाळांचा जुना रिवाज आहे, आणि तो एकट्या शिक्षकाचा दोष नव्हे. जी वस्तू शिकण्यासाठी मोडावयाचीच आहे, ती 'मोडीत' दाखविण्याची मुभा मुख्याध्यापकाला एका साध्या परिपत्रकाने देता येईल. नववीच्या प्रात्यक्षिकात छत्तीस नव्हे, चारच घटांची माळ ठेवली तरी चालेल. दोन व्होल्टला कोणाला इजा होत नाही. डाखाचा चटका बसेल तेवढाच. एक डाखणी, एक मल्टिमीटर आणि कारखान्यांतून बाद झालेल्या घटांचे एक खोके, एवढा खर्च शाळेच्या सादिलात बसण्याजोगा आहे. अर्थात, सादिल वेळेवर हाती पडले तर.