भोंगा थांबला, घंटा वाजते आहे

अमळनेरचं नाव काढलं की बाहेरगावचा माणूस लगेच विचारतो, ‘विप्रोच्या शेअरचं गाव तेच ना?’ हो, तेच! जळगाव जिल्ह्यातलं, बोरी नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. डिसेंबर १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजींनी इथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली. खानदेशात भुईमूग भरपूर आणि गावाला सुरत-भुसावळ लोहमार्गाची सोय. शेंगदाण्याच्या तेलापासून ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप तयार होऊ लागलं, पुढे ‘७८७’ नावाचा कपडे धुण्याचा साबणही. १९६६ साली वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले. तुपाची कंपनी संगणकाची झाली. ज्यांनी शंभर रुपयांचा शेअर घेऊन ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला होता, त्यांच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागली!

ही गोष्ट खरी आणि ऐकायला गोडही. पण अमळनेरची ती पहिली गोष्ट नव्हे. तेलाच्या कारखान्याआधी कितीतरी वर्षं या गावात कापडाची गिरणी होती, प्रताप मिल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत प्रताप शेठ यांनी ती उभारली. आसपासच्या काळ्या रानातला कापूस गाडी भरून यायचा आणि त्याचं सूत, कापड होऊन बाहेर पडायचं. ज्या गावात गिरणी, त्या गावाला वेगळं घड्याळ लागत नाही. भोंगा झाला की चूल पेटते, भाकरी फडक्यात बांधली जाते, पाळी सुटली की बाजार फुलतो. वाण्याची उधारी, मुलीचं लग्न, दिवाळीचं लुगडं, सगळ्याचा हिशेब पगाराच्या तारखेवर!

या गिरणीतून आलेल्या पैशाचं शेठजींनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. १९१६ साली त्यांच्या पुढाकाराने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर निघालं. कापडाच्या गावात वेदान्ताची चर्चा! कृष्णचंद्र भट्टाचार्य, टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास यांच्यासारखे विद्वान इथे राहून गेले. याच मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला एक लाजाळू तरुण आला. १९२४ मध्ये तो शेठजींच्याच नावाच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, छात्रालयातल्या मुलांची आईच्या मायेने काळजी घेऊ लागला आणि ‘साने गुरुजी’ झाला. १९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. पुढे १९३८ साली अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं आणि खानदेशातल्या गिरणी कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले. गिरणीमालकाच्या नावाच्या शाळेतला मास्तर कामगारांचा कैवारी झाला. या गावाच्या मातीचं मोठेपण मला इथे दिसतं.

१९४५ साली तेलाची कंपनी निघाली, त्याच साली प्रताप महाविद्यालयही सुरू झालं. एकाच वर्षी गावात दोन पेरण्या झाल्या म्हणा ना! शेअरचं पीक ज्याच्या गाठीला शंभर रुपये होते त्याच्या अंगणात आलं. साच्यावर उभं राहून घर चालवणाऱ्याजवळ त्या काळी शंभर रुपये शिल्लक कुठून असणार? महाविद्यालयाचं पीक मात्र ज्यांच्या घरात शेअरचा कागद कधी आला नाही, त्यांच्याही पोरांच्या पदरात पडलं.

प्रताप मिल आता बंद आहे. भोंगा ऐकू येत नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, ते प्रताप महाविद्यालयाच्याच आवारात. गिरणी थांबली, तरी तिच्या पैशाने उभ्या राहिलेल्या अंगणात माणसं जमतच राहिली.

तरीही एक खंत उरते. शेअरचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. शेठजींचं नाव पाट्यांवर कोरलेलं आहे. पण कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत ज्यांनी आयुष्याच्या पाळ्या भरल्या, त्यांची हकिगत फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे आणि ती माणसं दरवर्षी कमी होताहेत.

वाचकहो, पुलगाव असो, हिंगणघाट असो की आणखी कुठलं गाव, तुमच्याही नात्यात अशा बंद गिरणीतला एखादा काका, आजोबा असेल. येत्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा. पहिला भोंगा किती वाजता व्हायचा, पहिला पगार किती होता, गिरणी बंद झाली त्या दिवशी घरी येऊन काय सांगितलं, एवढंच विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. ट्रंकेच्या तळाशी ठेवायला हा कागदही शेअरइतकाच मोलाचा आहे.