ई-रीडर आणि उसने पुस्तक

सत्तरी ओलांडली की वाचणाऱ्या माणसाचा पहिला वैरी म्हणजे बारीक टाईप. मोतीबिंदू काढला तरी पुस्तकातली दाटीवाटी काही कमी होत नाही! त्यामुळे मुलाने आणून दिलेल्या किंडलला मी नावे ठेवणार नाही. आमच्या जळगावात मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन चढते. ओट्यावर बसले तर मोबाईलवर काही दिसत नाही, याचे पान मात्र कागदासारखे स्वच्छ दिसते. अक्षर हवे तेवढे मोठे करा. वीज गेली तरी आठवडा-दोन आठवडे काळजी नाही.

"पण कागदाचा वास कुठे त्याला?" हा आमच्या मित्रमंडळींचा आक्षेप मला पटत नाही. शाळेच्या कपाटातून वाळवी लागलेले गठ्ठे ज्यांनी उपसलेत, त्यांनी वासाचे कौतुक जरा बेतानेच करावे. माझी तक्रार निराळी आहे. हे पुस्तक उसने देता येत नाही.

आपल्या खान्देशात वाचन वाढले ते उसनवारीवर. जळगावचे व. वा. वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय, आणि त्यापुढे गल्लीतली देवघेव. एक प्रत दहा घरे फिरायची. किंडलवर आपण पैसे मोजतो ते वाचायच्या परवान्याचे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलची पुस्तके, त्यात नेमके '१९८४', लोकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत केले, पण आमचा ग्रंथपाल फार तर दंड लावतो, रात्रीतून घरात शिरत नाही!

मराठीची आणखी एक अडचण. किंडलवर मराठी पुस्तकांची रीतसर सोय झाली २०१६ च्या डिसेंबरात. तोवर आम्ही पीडीएफवर भागवले. त्यात अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवत बसावे लागते. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणालाही मोकळी आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या या मास्तरांचे पुस्तक फुकट मिळावे, यात औचित्य आहे. पण आजच्या लेखकाचे काय?

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला संमेलन भरले तेव्हा मी ती कादंबरी घेतली. धरणाने उठवलेले गाव, मागे राहून रानटी झालेल्या म्हशी, आणि म्हैस आणायला परत निघालेला देवाप्पा. बोली कोल्हापूरकडची, सुरुवातीला अडखळायला होते. पण खोत कुठे गळा काढत नाहीत. माणसाने जनावराशी केलेला दगा ते जनावराच्या बाजूनेही पाहतात. अलीकडे वाचलेल्यांत मला हीच सर्वांत वरची वाटली.

माझ्यानंतर ती धुळ्याच्या एका मित्राकडे गेली. सरदार सरोवरासाठी अक्राणी-अक्कलकुव्याची गावे उठली, तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते (१९९८ ला वेगळे झाले). उठलेल्यांची पोरे या गृहस्थांनी तळोद्याकडच्या वसाहतीत शिकवलेली. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : कुठे "अगदी असेच", कुठे "आमच्याकडे हे झाले नाही", आणि एका पानावर नुसते एका पाड्याचे नाव. परवान्याच्या पुस्तकात हे मला कुठे मिळणार होते?

म्हणून म्हणतो, प्रकाशकांनी मराठी ई-पुस्तक एकदा तरी दुसऱ्याला देता येईल अशी सोय करावी. वाचनालयांनीही चार-दोन ई-रीडर घेऊन, त्यात पुस्तके भरून, म्हाताऱ्या सभासदांना घरी न्यायला द्यावेत. वर्गणी थोडी वाढवा, हरकत नाही.

'रिंगाण'ची प्रत सध्या त्यांच्या व्याह्यांकडे शिरपूरला आहे. दिवाळीपर्यंत येईल म्हणतात.