परत तेच विचारतोय!

‘या ॲपला नेटवर्कवरून येणारी कनेक्शन्स स्वीकारू द्यायची का?’ अलाउ की डिनाय?

सकाळी साडेनऊचा कॉल, कानात हेडफोन, हातात अर्धा कप चहा आणि स्क्रीनच्या बरोबर मधोमध ही चौकट. कोण वाचत बसतंय? दाबा अलाउ आणि सुटा. दुसऱ्या दिवशी परत तीच चौकट, तेच ॲप, तोच प्रश्न. अरे बाबा, काल सांगितलं ना!

गेल्या महिन्यात माझ्या मॅकवर हा रोजचा कार्यक्रम झाला होता. मुलाखतींचं रेकॉर्डिंग टाइप करून देणारं एक ॲप मी वापरते. फ्रीलान्सरसाठी सॉल्लिड सोय. फोनवर रेकॉर्ड करायचं, कोथरूडला घरी यायचं आणि वायफायवरून आवाज थेट लॅपटॉपवर. त्याचं एक अपडेट आलं आणि तेव्हापासून ॲप उघडलं रे उघडलं की चौकट. कधीकधी तर ती नुसती लुकलुकून गायब व्हायची, उत्तर द्यायलाही वेळ नाही. मित्रमंडळींचा सल्ला एकच : ‘फायरवॉल बंद करून टाक ना, काय होतंय!’

काय होतं ते सांगते. त्याआधी हा फायरवॉल नेमकं विचारतो काय, ते बघू. आमच्या कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये राहिलेल्यांना हे पटकन कळेल. गेटवर वॉचमन, टेबलावर रजिस्टर. तुम्ही बाहेर निघालात तर वॉचमन मान वर करत नाही. तुम्हीच मागवलेलं पार्सल आलं तर सोडतो. पण बोलावल्याशिवाय कुणी आलं की ‘कुणाकडे जायचंय?’ विंडोज आणि मॅकचा स्वतःचा फायरवॉल साधारण असाच वागतो. तो प्रामुख्याने आत येणाऱ्यांना अडवतो, बाहेर जाणाऱ्यांना नाही. म्हणजे त्या चौकटीचा अर्थ ‘या ॲपला इंटरनेट देऊ का?’ असा नसतोच. ‘बाहेरचं कुणीही आपणहून या ॲपचं दार वाजवलं तर उघडू का?’ असा असतो.

आता सांगा, तुमच्या किती ॲप्सना हे लागतं? फोनवरून वायफायने फाइल घेणारं, मित्रांसाठी गेम होस्ट करणारं, तुम्ही प्रोग्रामर असाल तर लॅपटॉपवर चालवलेला सर्व्हर. बाकीच्यांचं बहुतेक वेळा नाही म्हटलं तरी छान चालतं. टीम्सच्या बाबतीत तर मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलं होतं की पहिल्या कॉलला येणारी ही सूचना बंद केली तरी कॉल होतो. तेव्हा खात्री नसेल तर डिनाय दाबून बघा. काही अडलंच तर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देता येते.

ही चौकट आली कुठून, याचीही एक स्टोरी आहे. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा फायरवॉल त्यात होता, पण बंद ठेवलेला. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म सुटला. त्याला कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला आणि पॅच नसलेला असला की पुरे. माझा मोठा चुलतभाऊ तेव्हा कॉलेजात होता. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसावं आणि स्क्रीनवर साठ सेकंदांचं काउंटडाउन सुरू होऊन मशिनच बंद पडावं, हे तो अजून चिडून सांगतो. वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक २ काढला आणि फायरवॉल सगळ्यांसाठी चालू करून टाकला. तेव्हापासून ही चौकट घरोघरी. तेव्हा तिच्यात तिसरं बटण होतं, ‘नंतर विचारा’. आपल्या लोकांनी कोणतं दाबलं असेल, वेगळं सांगायला नको.

बरं, एकदा हो म्हटल्यावर परत परत का विचारतो? कारण त्याच्या दृष्टीने तो नवीन माणूस आहे!

मॅक ॲपला त्याच्या डिजिटल सहीवरून ओळखतो. कंपनीने सही करून दिलेल्या ॲपच्या आत नंतर एखादी फाइल बदलली, तर सही जुळत नाही. कधी अपडेट अर्धवट बसतं, कधी ॲप स्वतःच्याच पोटात सेटिंग लिहून ठेवतं, कधी ‘क्लीनर’ नावाची भारी हुशार सॉफ्टवेअर्स आतलं काहीतरी उडवतात. मग दिलेली परवानगी कुणाच्या नावावर होती, हेच मॅकला लागत नाही. शिवाय ॲप डाउनलोड्स फोल्डरमधूनच चालवत असाल तर मॅक ते सुरक्षेसाठी तात्पुरत्या, वेगळ्याच जागेवरून चालवू शकतो. माझ्या ॲपची गडबड अपडेटनेच केली होती. उपाय दहा मिनिटांचा. सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग फायरवॉल, मग ऑप्शन्स. तिथल्या यादीतून ॲपचं नाव काढलं. ॲप डिलीट केलं, कंपनीच्याच साइटवरून नवं उतरवलं, ॲप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकलं. एकदा विचारलं, एकदा अलाउ, संपला विषय. टर्मिनल उघडून आपणच सही ठोकून देण्याचाही एक जुगाड आहे. पण ॲप का बदललं हे माहीत नसताना त्यावर स्वतः सही करणं म्हणजे न वाचता स्टॅम्प पेपरवर सही करण्यासारखंच. मी नाही करणार.

आणि ओळखीच्या ॲपवरही संशय घ्यायचा म्हणजे अतीच, असं वाटत असेल तर २७ जून २०१७ आठवा. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरचं अपडेट हल्लेखोरांनी बिघडवलं. त्यातून नॉटपेट्या पसरला. तो मर्स्क कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये घुसला आणि आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल ठप्प झालं. कुठे युक्रेन, कुठे उरण! तुमच्या लॅपटॉपवरची ती छोटी चौकट असला हल्ला एकटी थोपवेल, असं अजिबात नाही. पण कालचं ॲप आज तेच राहिलंय का, हा प्रश्न वेडगळ नाही, एवढं कळतं.

विंडोजचा फंडा वेगळा. तो नियम लिहितो ॲपच्या पत्त्यावर, म्हणजे ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे त्यावर. काही ॲप्स प्रत्येक अपडेटला नव्या आवृत्तीच्या नावाचं नवं फोल्डर करतात. पत्ता बदलला, वॉचमन परत उभा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं हेच झालं होतं. मुलगा न्यू जर्सीला, रोज रात्री व्हिडिओ कॉल आणि दर दोन-तीन आठवड्यांनी चौकट. मी गेले तेव्हा काका खुशीत होते. ‘अगं, कटकट मिटली. दुरुस्तीवाला मुलगा आला होता, त्याने फायरवॉलच बंद केला. आता कसं शांत!’

‘अहो काका, वॉचमन ओरडतो म्हणून त्याला कामावरून काढलंत?’

‘तसं म्हणशील तर...’ काका हसले. फायरवॉल चालू केला आणि परवानग्यांची यादी उघडली. व्हिडिओ कॉलच्या त्याच ॲपच्या जुन्या आवृत्त्यांच्या सहा नोंदी होत्या, त्यातल्या पाच काढल्या. आणि खाली एक नाव होतं, दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं ॲप.

‘हे कुणी टाकलं, काका?’

‘बँकेतून फोन आला होता ना, केवायसीचा. त्यांनीच सांगितलं टाकायला. मग काकूने जेवायला हाक मारली म्हणून मी फोन ठेवला.’

काकूंच्या वरणभाताने काकांची एफडी वाचवली, दुसरं काय! फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने असल्या रिमोट ॲपमधून यूपीआयवर पैसे पळवण्याच्या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. असं ॲप बहुतेक आतून बाहेर फोन लावतं, त्यामुळे फायरवॉल त्याला अडवेलच असं नाही. पण यादीत नाव दिसलं, म्हणून ॲप सापडलं. ते काढलं, काकांनी दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासवर्ड बदलला आणि पासबुक भरून आणलं. पैसे जागेवर होते.

तुमचीही यादी या वीकेंडला एकदा उघडा. विंडोज सिक्युरिटीमध्ये फायरवॉलच्या पानावर ‘ॲपला परवानगी द्या’ असा पर्याय आहे, तिथे. प्रायव्हेट आणि पब्लिक असे दोन रकाने दिसतील. प्रायव्हेट म्हणजे घरचं वायफाय, पब्लिक म्हणजे तुम्ही कर्वे रोडच्या कॅफेत कोल्ड कॉफी पीत वापरता ते. फाइल घेणाऱ्या ॲपला घरी मुभा ठीक आहे, कॅफेत शेजारच्या टेबलासाठी कशाला? अँटिव्हायरस असेल तर तोही बघा. पुणेकरांना अँटिव्हायरस नवा नाही. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी धाकटे बंधू संजय यांच्यासोबत क्विक हील उभं केलं ते याच शहरात. अशा मोठ्या पॅकेजांमध्ये अनेकदा स्वतःचा फायरवॉल असतो. विंडोजमध्ये हो म्हटलं तरी परवानगी लागेना, तर नियम तिथे शोधा.

ऑफिसच्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. तिथे ॲडमिनचे हक्क तुमच्याकडे नसतात, त्यामुळे तुमचं ‘हो’ साठवलंच जात नाही आणि चौकट रोज येते. आयटीला मेल टाका. ॲपचं नाव, त्याची आवृत्ती, ते कोणत्या फोल्डरमधून चालतंय, चौकट कधी येते, रोज की अपडेटनंतर, आणि स्क्रीनशॉट. ‘परत तेच येतंय’ एवढ्याच मेलला तिकडून ‘रीस्टार्ट करून बघा’ हेच उत्तर येतं.