उकाडा तुमचा, केस त्याचे

मार्च लागला की शहरातल्या पेट पार्लरांबाहेर ‘समर कट’च्या पाट्या झळकतात आणि सोसायटीच्या आवारात बोडकी कुत्री फिरू लागतात. गोल्डन रिट्रीव्हर, पोमेरेनियन, हस्की, अगदी लॅब्रेडॉरसुद्धा. मालकाच्या चेहऱ्यावर पुण्य पदरात पडल्याचं समाधान असतं. ‘बिचाऱ्याला काय उकडत होतं हो! आता कसं मोकळं वाटत असेल.’ यातला जिव्हाळा खरा आहे, तर्क तेवढा खोटा आहे. आणि जिव्हाळ्यापोटी केलेल्या गोष्टीला सहसा कुणी हरकत घेत नाही, म्हणून ती दर उन्हाळ्याला नेमाने होते. ती हरकत इथे घ्यायची आहे.

पूर्वपक्ष असा: आपल्याला उकडलं की आपण केस बारीक करतो, कुत्र्याच्या तर सर्वांगावर केस, तेव्हा ते काढले की त्याला गार वाटणार. ऐकायला बिनतोड. पण माणसाला केस कमी केल्यावर गार वाटतं ते घामामुळे. आपल्या सर्वांगाला घाम येतो, तो वाऱ्याने सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला तशा घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजाच्या गाद्यांपुरत्या. बाकी सगळी भिस्त धापेवर. जीभ बाहेर काढून तो तोंडातल्या आणि श्वासनलिकेच्या ओलाव्याची वाफ करतो, तीच त्याची गार होण्याची रीत. त्यामुळे नागपूरच्या पंचेचाळीस अंशांतही हवा कोरडी असल्याने वाळ्याचा कूलर काम करतो आणि मुंबईच्या चौतीस अंशांत तोच कूलर नुसता दमट वारा फेकत बसतो, तशीच गत कुत्र्याच्या जिभेची आहे. मुंबईतला हस्की हैराण होतो तो हवेतल्या दमटपणाने. त्याची पाठ भादरून जिभेवरचं पाणी लवकर उडत नाही. त्याला सावली, पाणी, गार फरशी, पंखा, आणि डांबर तापण्याआधी सकाळचा फेरा हवा असतो. अर्थात एवढं करण्यापेक्षा पार्लरची वेळ घेणं सोपं पडतं.

आता त्या केसांकडे जवळून पाहू. पोमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, लॅब्रेडॉर यांच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, राठ, किंचित तेलकट केस. वरचे केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत, पावसाचं पाणी ओघळून जाऊ देतात. मशीनला हा भेद कळत नाही, ते दोन्ही थर एकाच उंचीवर छाटतं. मग बहुतेकदा लव आधी वाढते, राठ केस मागे राहतात, आणि पूर्वी पाणी झटकून टाकणारं अंग आता पाणी शोषून घेऊ लागतं, गुंतू लागतं. पोमेरेनियन आणि हस्कीसारख्यांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. त्यांच्या केसांची मुळं बराच काळ विश्रांतीच्या अवस्थेत असतात. कापलेला केस लगेच वाढायला लागत नाही, कधी वर्ष-दीड वर्ष तिथे काही उगवतच नाही. जनावरांचे त्वचारोगतज्ज्ञ याला पोस्ट-क्लिपिंग अ‍ॅलोपेशिया म्हणतात, म्हणजे हा प्रकार नाव पडण्याइतका नेहमीचा आहे.

‘हम आपके हैं कौन’ 1994 साली आला आणि टफीच्या कौतुकात पांढऱ्या पोमेरेनियनांचं पीक आलं, ते अजून ओसरलेलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडची एक अशीच. एप्रिलमध्ये तिला मशीन लावून आणली. दिवाळीला शेपटीचा झुपका आणि पायांचे केस जागच्या जागी होते, पाठीवर मात्र करड्या रंगाची उघडी कातडी, तिच्यावर काळपट डाग आणि मधूनच विरळ लव. काकू थायरॉइडच्या तपासण्या करत होत्या. त्या कराव्याच लागतात, कारण केस न येण्याचं ते एक खरं कारण आहे. रिपोर्ट चांगला आला, केस काही आले नाहीत. आणि पांढऱ्या कुत्र्याची उघडी पाठ म्हणजे उन्हाने भाजायला आयतं निमंत्रण.

प्रतिपक्षाचा यातला सगळ्यांत बळकट मुद्दा टाळून चालणार नाही: दाट लव अंगाची उष्णता कोंडून ठेवत नाही का? ठेवते. विशेषतः गळायला आलेली, मेलेली लव आतच अडकून राहिली की हवा कातडीपर्यंत पोचत नाही. मग ती काढा. पण मशीनने नाही, फणीने. ज्या मुलखात घोड्याला खरारा केल्याशिवाय पागेतला दिवस सुरू होत नसे, तिथे कुत्र्याला खरारा लागतो हे समजावून सांगावं लागावं, याचं नवल वाटतं. पायाच्या खालच्या बाजूने सुरुवात करायची, एका हाताने केस वर धरायचे, खाली भांगासारखी कातडीची रेघ दिसली पाहिजे, आणि त्या रेघेपासून लांब दातांची फणी बाहेर ओढायची. मग बोटभर वर दुसरी रेघ. गोल्डनच्या मांड्यांमागे आणि मानेखाली एवढी लव निघते की बघणाऱ्याला वाटावं, कुत्रं संपत आलं. वरचे केस जागेवर राहतात आणि कुत्र्याचं अंग खरोखर मोकळं होतं. समर कटवाल्यांना हवा असलेला परिणाम हाच होता.

बाकीच्या सबबी झटपट उरकू. ‘घरभर केस पडतात, म्हणून काढले.’ लॅब्रेडॉरला भादरल्यावरही केस गळतातच, फक्त आखूड होऊन गळतात. आधी झाडूत गोळा होणारे लांब केस आता सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात. ‘गोचिड्या झाल्या म्हणून काढले.’ भादरल्याने गोचिड्या दिसतात हे खरं, जात नाहीत. त्या कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बसतात आणि अंडी घालतात भिंतीच्या फटींत. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याच्या अंगावर मुळात बोटभरही केस नसतात, तरी त्याच्या कानात गोचिड्यांची रांग असते. त्यांना डॉक्टरांनी दिलेलं औषध लागतं, आणि भिंतीच्या फटींचाही बंदोबस्त. ‘धनगर मेंढ्या कातरतातच ना?’ हा युक्तिवाद मला मनापासून आवडतो, कारण तो उलटा फिरतो. रानमेंढीची लव उन्हाळ्यात आपसूक गळून जाते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून न गळणारी, वाढतच जाणारी लोकर तयार केली, म्हणून मेंढीला कातर लागते. मेंढी नात्याने पूडलच्या बाजूची आहे, हस्कीच्या नव्हे.

आणि पूडलचं नाव निघालं की दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळावं लागतं. ‘देवाने दिलेले केस, हात कशाला लावायचा? कुत्र्याला कसली पार्लरं? पैशाची मस्ती!’ हे बोलणारे स्वतःला साध्या राहणीचे समजतात आणि घरी शिह त्झू पाळतात. पूडल, शिह त्झू, ल्हासा, माल्टीज यांचे केस गळतात फार थोडे, वाढतात मात्र सतत. गळालेला केसही बाहेर पडत नाही, शेजारच्या केसांत अडकतो. कानामागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली आधी सुपारीएवढी गाठ होते, मग ती पसरत पसरत जटा होते. ती जट कातडीला चिकटून असते, त्यामुळे कुत्र्याने पाऊल टाकलं की काखेतली कातडी ओढली जाते, दर पावलाला. पावसाळ्यात तिच्याखाली ओल धरते, जखम होते, माशी बसते, अळ्या पडतात. निसर्गाला हात न लावल्याचं हे फळ. पण हे केस निसर्गाने दिलेलेच नाहीत, माणसाने निवडून वाढवलेत. वाढवणाऱ्यानेच ते निस्तरले पाहिजेत.

ल्हासाच्या डोळ्यांवरची झुलपं कापली तर तो आंधळा होतो, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. होत नाही. उलट ओले केस बुबुळाला घासून डोळे लाल होतात, पाणी गळतं, नाकाच्या कडेला तांबूस पट्टे उमटतात. झुलपं कापा नाहीतर वर बांधा.

गंमत अशी की ज्या पूडलकट्टीला आपण थिल्लर फॅशनचा कळस समजतो, ती जन्माला आली कामातून. पूडल मूळचा जर्मनीतला, शिकाऱ्याने मारलेलं बदक पाण्यात उडी टाकून आणणारा कुत्रा. लोकर भिजली की जड होते, म्हणून मागचं अंग आणि पाय भादरत, आणि गार पाण्यात ऊब राहावी म्हणून छातीवर व सांध्यांवर केस ठेवत. पुढे पॅरिसमध्ये पाँ-नफ पुलाच्या आसपास कुत्री भादरणारे बसू लागले, बदकं मागे पडली आणि सांध्यावरचे झुपके नुसते शोभेचे गोंडे झाले. याच जातीचं दुसरं उदाहरण अलास्कातलं. जॉन सूटर नावाच्या गृहस्थाने 1988 पासून काही वर्षं इडिटारॉड या हजार मैलांच्या बर्फगाडी शर्यतीत पूडल जुंपलेली गाडी उतरवली. कुत्री हुशार, पळणारी, जिद्दीची. पण लोकर बर्फात भिजून गोठायची, बसल्या जागी बर्फाला चिकटायची. पुढे शर्यतीने फक्त उत्तरेकडच्या थंडीतल्या जातींनाच परवानगी ठेवली. तिथे केसांचा विचार करून कुत्रा निवडतात. आपण हस्की मुंबईत आणतो आणि मग मशीन शोधतो. व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर केंद्राने 2016 मध्ये निर्बंध घातले खरे, पण तोवर पैदास इथेच सुरू झाली होती.

तर मंडन एवढंच: कुत्र्याच्या केसांची लांबी त्या केसांच्या जातीने ठरावी, आणि केस सतत वाढणारे असतील तर घरातल्या कंगव्याने ठरावी. मालकाचा उकाडा, शेजाऱ्यांची पसंती आणि मोबाइलवरचा फोटो यांना त्यात मत नाही.

दोन थरांच्या कुत्र्याचा प्रश्न लगेच सुटतो. त्याला फणी, आंघोळ, पूर्ण वाळवणं, आणि पंजे, शेपटीखालचा भाग यांची कात्रीने सफाई एवढंच. आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला किंवा मराठवाड्यातल्या कारवानाला तर रबरी हातमोजा फिरवला की झालं. पश्मी असेल तर कानांच्या आणि शेपटीच्या झालरीत तेवढी फणी घालायची. टेरिअरच्या तारेसारख्या केसांची तऱ्हा वेगळी, ते हाताने उपटून काढण्याची कला इथे फार थोड्यांना येते, आणि मशीन लावलं की ते मऊ नि फिके पडतात.

खरी निवड शिह त्झू, ल्हासा, पूडल यांच्यापुरती उरते. तिथे आधी घरात विचारावं, रोज कंगवा कोण फिरवणार? ‘सगळे मिळून’ हे उत्तर आलं तर कुणीच नाही असं समजावं आणि केस बोटाच्या पेरापेक्षा लांब ठेवू नयेत. एक दिवसाआड फिरवणारं खात्रीचं माणूस असेल तर दीड-दोन इंच चालतील. जमिनीवर लोळणारे केस प्रदर्शनातल्या कुत्र्याला शोभतात, ज्याच्यामागे एक माणूस पूर्णवेळ असतो. कंगवा धातूचा हवा, आणि मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला तरच विंचरलं म्हणावं. वरवर ब्रश फिरवून कुत्रा गोंडस दिसतो, आत जट तशीच राहते. तिच्यावर आंघोळ घातली तर ती आवळून दगड होते, म्हणून गुंता आधी, पाणी नंतर. शांपू कुत्र्याचाच वापरावा. माणसाच्या कातडीइतकी त्याची कातडी आम्लधर्मी नसते, आपल्या शांपूने ती कोरडी पडते.

पार्लरमध्ये ‘टेडी बेअर कट’ म्हणून सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. प्रत्येकाचा टेडी वेगळा. मिलिमीटरमध्ये बोलावं. दहा नंबरचं ब्लेड सुमारे दीड मिलिमीटर केस ठेवतं, म्हणजे जवळजवळ कातडीच. चार-एफ साडेनऊ ठेवतं. शिह त्झूच्या अंगाला चार-एफ, पोटाला नि शेपटीखाली दहा, असं सांगितलं की वाद उरत नाही. पात्याला हात लावून बघावा, तापलेलं पातं पोटाची नाजूक कातडी भाजतं. पंजांच्या गाद्यांमधले केस काढून घ्यायला विसरू नये. गुळगुळीत टाइल्सच्या घरात म्हातारं कुत्रं घसरून पडतं ते बहुधा याच केसांमुळे आणि वाढलेल्या नखांमुळे.

आणि तारीख धरायचीच तर मार्च नव्हे, मे अखेर धरावी. मुंबई-कोकणात लांब केसांचा खरा शत्रू पावसाळा आहे. चार महिने अंग धड वाळत नाही, म्हणून शिह त्झूला आखूड करायचं ते पावसाच्या तोंडावर.

शस्त्रक्रिया, चिघळलेली जखम, किंवा सगळं अंग नमद्यासारखं एकजीव झालेलं असेल तर मात्र कोणत्याही जातीला मशीन लावावं. तिथे सोडवत बसणं हा छळ आहे. अशा वेळी ‘माझ्या बाळाचं टक्कल केलं’ म्हणून ग्रूमरवर तोंड टाकणारे मालक मी पाहिले आहेत. जटा त्याने केलेल्या नसतात.

ग्रूमरची बाजू घेण्याचं दुसरंही कारण आहे. पोमेरेनियनला झिरो मारायला अर्धा तास पुरतो, तिची मेलेली लव काढून, धुऊन, ब्लोअरने मुळापर्यंत वाळवायला दीड-दोन तास जातात. पहिल्या कामाचे पैसे गिऱ्हाईक खुशीने देतं, कारण फरक डोळ्यांना दिसतो. दुसऱ्याचे देताना ‘केस तर तसेच आहेत, मग एवढं काय केलंत?’ असं विचारतं. जो ग्रूमर ‘हिला मशीन लावणार नाही’ म्हणतो, त्याचं गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं. समर कटची पाटी उतरायची असेल तर या दीड-दोन तासांचे पैसे घासाघीस न करता मोजावे लागतील.